अण्णांच्या उजव्या हातावर

येलहंका, बेंगळुरू
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्मिताआत्यास,
स्वानंदीचा शि. सा. न.

हे नमस्काराचं बाबांना फोन करून विचारलं. एवढं मोठं मराठी पत्र मी जन्मात पहिल्यांदा लिहितेय. इंग्लिश मीडियमचं पोर आहे, वेलांट्यांना मार्क कापू नकोस. तुझ्यातली शाळेतली बाई थोडा वेळ बाजूला ठेव.

आधी आजोबांची तब्येत. तू ऑक्टोबरमध्ये गेलीस तेव्हापासून बीपी ताब्यात आहे. उजवा हात तसाच ढिला, उजवा पाय थोडा ओढतात. पण आत्या, व्हिडिओ कॉल आपण थांबवूया. परवा तू स्क्रीनवर दिसलीस ना, नंतर ते फोनच्या मागच्या बाजूला हात लावून तुला शोधत होते. मग कितीतरी वेळ रडले. आपली स्पीच थेरपीवाली सोनम म्हणाली की पॅरालिसिसनंतर असं होतं, माणूस डब्यात का बसलाय तेच कळत नाही. तिचं म्हणणं, मुलीने पत्रं लिहावीत आणि तेच पत्र आम्ही त्यांना रोज हळूहळू वाचून दाखवावं. म्हणून हा सगळा पोस्टाचा कारभार. मला तर मजाच वाटतेय!

भाषेचं मात्र अजब झालंय. पन्नास वर्षं आजोबांनी पीण्याच्या इंडस्ट्रियल एरियात गिअर कापले, कामगारांना कन्नडमध्ये शिव्या घातल्या, बँकेशी इंग्लिशमध्ये भांडले. ते कन्नड गेलं, इंग्लिश गेलं. उरलंय फक्त लहानपणचं निपाणीकडचं मराठी, तेसुद्धा शब्द-दोन शब्द. आलेल्या दोन्ही अटेंडंट मुली चांगल्या होत्या, पण एक मंड्याची, दुसरी झारखंडची. आजोबांना वाटायचं घरात कुणीतरी परकं घुसलंय. दुसरीला तर त्यांनी डाव्या हाताने चमचा फेकून मारला.

म्हणून माझ्या डोक्यात एक आयडिया आलीय. तुला माहितेय, आमच्या पीण्याच्या सेंटरमध्ये विधवा पेन्शन किंवा अपंग पेन्शनवर जगणारी माणसं येतात. आम्ही त्यांना काम शिकवतो आणि मिळवूनही देतो. यंदा घरी पेशंट सांभाळायचा कोर्स आहे. त्यात गंगव्वा म्हणून एक बाई आहेत, पन्नाशीच्या, चिक्कोडीकडच्या. मराठी अगदी आजोबांसारखं बोलतात. नवरा पीण्यात हमाली करायचा, तो गेला. मूलबाळ नाही. चौथीपर्यंत मराठी शाळा झालीय, म्हणजे तुझी पत्रंही वाचतील.

त्या नाही म्हणताहेत. पगार सुरू झाला की उत्पन्नाचा दाखला बदलतो आणि पेन्शन थांबतं, याची त्यांना भीती. मला म्हणाल्या, बाई, पेन्शन थोडं असतंय पण ते मरत न्हाई, पेशंट मरतोय. मी खूप समजावलं. एका घरी तीन महिने नीट टिकल्या आणि घरच्यांनी तसं लिहून दिलं, की त्यांचं नाव आमच्या पक्क्या यादीत जातं. मग एक घर संपलं की दुसरं आम्ही देतोच. म्हणजे पेन्शनची गरजच नाही उरणार! तू हो म्हण, मी त्यांना पटवते.

विद्याधरकाकांना नमस्कार. डायलिसिसच्या दिवशी तू डबा नेतेस का नाही? नुसत्या चहावर बसू नकोस.

मायेत काटकसर करू नकोस,
तुझी स्वानंदी

नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. स्वानंदीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. वेलांट्या मोजल्या. सवय जात नाही गं. पण पत्र तीनदा वाचलं, एवढं सांगते.

अण्णांनी फोनच्या मागे मला शोधलं हे वाचून दिवसभर हाताला काही काम सुचलं नाही. ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मी इथून हलले तर ह्यांना नेणार कोण? मुलगी म्हणून मी काय करते, तर पैसे पाठवते आणि आता पत्रं. तू चुलत नात असून त्यांच्या घरात राहतेस, हे तुझ्या बापाला मी आयुष्यभर विसरू देणार नाही.

गंगव्वाबाईंना ठेव. मी बेंगळुरूत वाढलेय, मला माहितेय, चिक्कोडीच्या बायका कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. अण्णांना तेच हवंय. फक्त एक, मला कोर्सच्या सर्टिफिकेटचं कौतुक नको सांगूस. त्यांचा हात कसा आहे ते सांग. अण्णांना उचलताना बखोटीला धरू नये, पाठीला आधार द्यावा.

सोबत अण्णांसाठी वेगळा कागद आहे. मोठ्या अक्षरात लिहिलाय. अंगणातल्या पारिजातकाचं लिहिलंय आणि ह्यांनी कढी कशी करपवली ते. त्यांना कढीचं हसू येईल.

त्या बाई पेन्शन सोडताहेत ते आपल्यासाठी, हे लक्षात ठेव. घरचं माणूस म्हणून वागव.

प्रकृतीला जप आणि आत्याला मनातून उतरवू नकोस.
तुझी स्मिताआत्या

येलहंका
१५ डिसेंबर २०२४

ती. स्मिताआत्यास,
स्वानंदीचा शि. सा. न. (आता न विचारता!)

आत्या, घरात भांडणं सुरू झालीत आणि मी इतकी खूश आहे की काय सांगू!

गंगव्वाअक्का आल्या त्याच दिवशी आजोबांनी त्यांना एक सणसणीत शिवी घातली. मी घाबरले. अक्का पदर खोचून म्हणाल्या, ही शिवी आमच्या गावात म्हशीला घालतात, माणसाला घालायची निराळी आहे, सांगू का? आजोबा बघतच राहिले. मग हसले, गं! तोंड एका बाजूला वाकडं झालं पण हसले. तेव्हापासून दोघं सकाळपासून भांडतात. अक्का दाढी करताना म्हणतात की तुमच्या गालावर रान माजलंय. आजोबा म्हणतात, सरक. सरक हा नवीन शब्द आहे. सोनम म्हणाली लिहून ठेवा, म्हणून तुला लिहिते.

तुझं पत्र अक्का रोज दुपारी वाचतात. बोट ठेवून, अडखळत, प्रत्येक शब्दाला जोर देऊन, जणू सरकारी जाहीरनामा. कढी करपली तिथे आजोबा दर वेळी हसतात. अक्कांचं मत आहे की विद्याधरकाकांनी कढी मुद्दाम करपवली, म्हणजे पुन्हा करायला लागू नये.

पाठीला आधार द्यायचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, आत्याबाईंना सांगा, पोतं नव्हं, माणूस उचलतेय ते मला ठावं आहे.

खाण्याचं त्या फार कडक पाळतात. त्यांच्या कोर्सला शिकवणाऱ्या सिस्टरनी सांगितलंय की आजोबांचं गिळणं कच्चं आहे. सरळ बसवूनच भरवायचं. पाणी, चहा सगळं मेडिकलमधली पावडर घालून घट्ट करायचं, कणीदार काही द्यायचं नाही. मी एकदा उपमा द्यायला गेले तर माझ्या हातातून वाटी काढून घेतली. म्हणाल्या, तू पीण्यात शिकीव, हितं मी शिकवीन.

पेन्शन सोडल्याचा अर्ज त्यांनी परवा दिला. मी सोबत गेले होते. सही करताना जरा थांबल्या, मग केली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, आता तू आणि मी एका दोरीला बांधल्या. मी त्यांना मसाला डोसा खाऊ घातला. मार्च आला की त्यांचं नाव पक्क्या यादीत! बॅचमधली पहिली प्लेसमेंट माझी असेल. सेंटरमध्ये सगळे मला विचारतात कसं जमवलंस. मी म्हणते, माझ्या आजोबांनी मराठीशिवाय सगळं विसरून माझं काम केलं.

हा जोक तुला आवडला नसेल तर सॉरी. घरात मात्र आजोबा बरे दिसताहेत, म्हणून सुचला.

रागावलीस तरी जवळची रहा,
स्वानंदी

नागपूर
८ जानेवारी २०२५

चि. स्वानंदीस,
अनेक आशीर्वाद.

जोक आवडला नाही आणि हसूही आलं. अण्णांची नात शोभतेस.

संक्रांत आली. पार्सलमध्ये तिळाचे लाडू आहेत. ह्यांच्या डायलिसिसच्या वेळापत्रकात बसवून केलेत, म्हणून आकार असा वेडावाकडा. मऊ गुळाचे आहेत. लहानपणी आपल्या येलहंक्याच्या गल्लीत शेजारणी वाट्या भरून त्यांचा कोरडा तीळगूळ, एळ्ळु-बेल्ला, आणून द्यायच्या. अण्णा ते घ्यायचे, पण म्हणायचे की आमचा सण लाडवाशिवाय सुरू होत नाही. मी त्यांच्या उजव्या हातावर पहिला लाडू ठेवायचा, मग घरात बाकीच्यांनी खायचे. लग्नानंतरही एक-दोन संक्रांती सोडल्या तर मी येऊन ठेवलाय. यंदा मी नाही.

तेव्हा गंगव्वाबाई, हे तुमच्यासाठी लिहिते, तुम्हीच वाचाल म्हणून. माझ्या वतीने अण्णांच्या उजव्या हातावर पहिला लाडू तुम्ही ठेवा. आणि मग तुम्ही दोघी खा. तुमच्यासाठी साडी पाठवलीय. काळी नेसत नसाल म्हणून जांभळी घेतली. नवरा गेला म्हणून सणाला मागे राहायचं असलं काही माझ्या घरात चालत नाही.

अण्णांचा कागद वेगळा आहे. त्यात फार लिहिलं नाही.

सुखात रहा, मला आठवत रहा.
स्मिताआत्या

येलहंका
१५ जानेवारी २०२५

आत्या!!

नमस्कार नंतर. आजोबांनी उजवा हात उचलला!!

काल मी सुट्टी घेतली होती. अक्का जांभळी साडी नेसल्या, आजोबांना खुर्चीत सरळ बसवलं, तुझं पत्र वाचलं. मग त्यांचा उजवा हात मांडीवर उलगडला, एकेक बोट सरळ केलं आणि त्यावर लाडू ठेवला. म्हणाल्या, अण्णा, पोरीनं धाडलाय. आजोबा बराच वेळ लाडवाकडे बघत बसले. मला वाटलं झोप लागली. आणि आत्या, हात हलला. आधी मनगट, मग कोपर. थरथरत, मध्ये थांबत, तो लाडू तोंडापर्यंत गेला. अडीच महिने फिजिओथेरपिस्ट चेंडू देऊन, काठी देऊन थकला होता!

अक्का पुढे झाल्या होत्या, थांबवायला. तीळ आहेत, म्हणाल्या. मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, अक्का, बघू दे ना. आजोबांनी एक छोटा तुकडा चावला, खूप वेळ चघळला, गिळला. काही झालं नाही. बाकीचा अक्कांनी काढून घेतला. मग अक्काच टाळ्या वाजवायला लागल्या, मी ओरडायला लागले. शेजारचे नरसिंहअंकल बनियनवर धावत आले, त्यांना वाटलं आजोबा गेले. आजोबा सगळ्यांकडे बघून म्हणाले, स्मी.

स्मी, आत्या. तुला अशीच हाक मारायचे ना?

मी सेंटरला मेल टाकलाय की गंगव्वांची केस स्टडी करा. अक्का म्हणतात की माझ्यावर काय लिहायचं ते लिवा, फोटो जांभळ्या साडीतला घ्या.

आज लोभ मागितलास तर शहरभर वाटेन एवढा आहे माझ्याकडे,
स्वानंदी

नागपूर
२० जानेवारी २०२५

चि. स्वानंदीस,
खूप खूप आशीर्वाद, आणि गंगव्वाबाईंना नमस्कार.

तुझं पत्र ह्यांना डायलिसिसच्या खुर्चीत वाचून दाखवलं. शेजारच्या खुर्चीतले पेशंटही ऐकत होते. सिस्टरनी सगळ्यांना सांगितलं. मी तिथे रडले, मला लाज वाटली नाही.

मला अण्णा स्मी म्हणायचे ते आईसमोर नाही, फक्त कारखान्यातून येऊन हात धुताना, साबण हवा असेल तेव्हा.

आता माझं ऐका. तो हात थांबू देऊ नका. इतक्या दिवसांनी वाट सापडलीय. रोज दुपारी पत्र वाचून झालं की एक लाडू त्यांच्या हातावर ठेवा. छोटा करून ठेवा, पण ठेवा. ते माझ्याकडूनचं आहे हे त्यांना कळतंय. औषधापेक्षा जास्त कळतंय. गंगव्वाबाई, तुम्ही सांभाळून करता, मला माहितेय. पण भीत भीत केलं तर माणूस उठत नाही. संपले की मी अजून करून पाठवते. होळीच्या आधी कसंही करून येते, मग त्यांच्या हाताने मला भरवायला लावते.

स्वानंदी, तू माझ्या पोटची नाहीस याचं आज मला वाईट वाटतंय.

अशीच हसती राहा.
तुझी आत्या

नागपूर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. स्वानंदीस,
आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. ह्यांची तब्येत ठीक आहे. माझ्या गैरहजेरीत ह्यांच्या भावाने डायलिसिसला नेलं.

घराची एक किल्ली नरसिंहकडे दिली आहे. वीज मीटरचं बिल अण्णांच्या नावावर येईल ते तू भर, मी पैसे पाठवीन. अण्णांचे कपडे देऊन टाक. स्वेटर ठेव, तो निळा, मी नंतर नेईन. हॉस्पिटलचे कागद मला नकोत. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पुरे आहे. अन्नाचे कण छातीत उतरले, त्याचा न्यूमोनिया झाला. त्या वयात तो आवरत नाही. आयसीयूत चार दिवस मी त्यांच्या त्याच हाताला धरून बसले होते.

तू मला विचारलंस की मी बाराव्याला गंगव्वाबाईंना दारातून परत का पाठवलं. त्याचं उत्तर मी देणार नाही. तुमच्या सेंटरच्या बाईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, घरच्यांची तक्रार आहे का? मी म्हटलं, मला त्या बाईबद्दल काही बोलायचं नाही. तेवढंच म्हटलं. खोटं काही बोलले नाही.

तुझ्या अभ्यासाचं बघ. एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरणार होतीस.

स्मिता

येलहंका
१ मार्च २०२५

ती. स्मिताआत्यास,
सा. न.

घर रिकामं आहे आणि मी अजून सकाळी घट्ट पाणी कालवायला उठते.

वीज बिल भरलं. कपडे दिले. निळा स्वेटर ठेवलाय.

आत्या, मी भांडायला लिहीत नाहीये. तू काही बोलायचं नाही म्हणालीस ना, सेंटरमध्ये त्याचा अर्थ तक्रार असा लावला. पेशंट गेला, कारण खाण्यातलं, आणि घरचे लिहून देत नाहीत. अक्कांचं नाव काढलं. पक्की यादी सोडच, त्यांना आता कुठल्याच घरी पाठवणार नाहीत. इथल्या दुसऱ्या एजन्सीपण एकमेकांना विचारतात.

चौकशीला मी शेजारी बसले होते. मॅडमनी विचारलं, तीळ द्यायचे नाहीत हे शिकवलं होतं की नाही? अक्का म्हणाल्या, शिकवलं होतं. मग कोणी दिले? म्हणाल्या, माझ्या हातानं दिले. कोणाच्या सांगण्यावरून? अक्कांनी पदर खोचला. मी म्हटलं, मी संक्रांतीला त्यांचा हात धरून थांबवलं होतं. मॅडम म्हणाल्या, तू फॅमिली आहेस, तुझं धरता येणार नाही. आणि तुझं वीस तारखेचं पत्र माझ्या बॅगेत होतं, आत्या. मी ते काढलं नाही. अक्कांनी मला आधीच सांगितलं होतं, ते दाखवायचं न्हाई. आत्याबाईंचा बाप गेलाय, त्यांच्यावर आनि हे कशाला?

ते पत्र आलं तेव्हाही त्यांनी मला विचारलं होतं. म्हणाल्या, सिस्टर न्हाई म्हणतात, आत्याबाई हो म्हणतात, तू सांग. मला उशीर होत होता, बस यायची होती. मी म्हटलं, अक्का, लेकीचं मन आहे, छोटा तुकडा द्या. त्यांनी लाडू कुटून अगदी बारीक करून दिला. रोज. आजोबा रोज हात उचलायचे.

आता त्या पीण्याला एका गिअर शॉपच्या मागे भावजयीच्या खोलीत राहतात. पेन्शन बंद आहे. भावजय जेवताना ताट आपटते. मी भाजी घेऊन गेले तर अक्का म्हणाल्या, तुमचं काय चाललंय, आत्याबाई जेवतात का?

सेंटरला घरच्यांकडून एक ओळ हवीय. गंगव्वांनी काम नीट केलं, एवढीच. माझी चालत नाही, तुझी चालेल. तू नाही लिहिलंस तरी मी तुझी आहेच, पण त्यांच्याकडे दुसरं कुणी नाहीये.

तुझी,
स्वानंदी

नागपूर
१३ मार्च २०२५

चि. स्वानंदीस,
आशीर्वाद.

आज होळी. मी येणार होते ती होळी.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले कारण ती एक ओळ मी लिहायला बसले आणि ती पूर्ण होईना. गंगव्वाबाईंनी काम नीट केलं, असं मी लिहिलं, तर अण्णांना कुणी मारलं हे पुढे लिहावं लागतं. ते वीस तारखेचं पत्र मला पाठ आहे. छोटा करून ठेवा, पण ठेवा. भीत भीत केलं तर माणूस उठत नाही. शाळेत पोरांना फळ्यापाशी उभं करून मी असंच म्हणायचे. शाळेतून रिटायर झाले तरी फळा सुटला नाही माझा.

बाराव्याला त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या अंगावर जांभळी साडी होती. दुसरी चांगली साडी नसेल, मला आता कळतंय. तेव्हा मला वाटलं, त्या मला पत्राची आठवण करून द्यायला आल्यात. म्हणून दार लावलं. त्यांनी तर ते पत्र कुणाला दाखवूच दिलं नाही. हे मला जास्त लागलं.

ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, स्मिता, तो हात उचलला होता ना? मग त्या माणसाला शेवटी काहीतरी हवं होतं, नुसता पडून नव्हता. मला तेवढ्याने बरं वाटलं नाही, पण ऐकून घेतलं.

सोबत सेंटरसाठी वेगळं पत्र आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की लाडू रोज द्या असं मीच सांगितलं होतं, गंगव्वाबाईंनी आधी नाही म्हटलं होतं आणि त्यांच्याइतकं माझ्या वडिलांना दुसऱ्या कोणी सांभाळलं नसतं. खाली सही आणि फोन नंबर आहे. कोणीही फोन केला तर मी हेच बोलेन. त्यांना सांग, मी माफी मागितली. समोर येऊन मागीन.

या बाईचं काम परत मिळालंच पाहिजे, स्वानंदी. तू त्यांना आमच्या दारात आणलंस, आता दुसऱ्या दारापर्यंत पोचव.

माझ्यावरचा राग उतरला की कळव, तोवर माया ठेव.
आत्या

येलहंका
२७ एप्रिल २०२५

ती. स्मिताआत्यास,
सा. न.

राग नव्हताच.

तुझं पत्र सेंटरने मान्य केलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि अक्कांचं नाव परत घेतलं. मी पत्र अक्कांना वाचून दाखवलं. तू माफी मागितलीस तिथे त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, फुडचं वाच. मग बाहेर जाऊन तोंड धुऊन आल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना हेब्बाळला एक घर मिळालं. तलावाजवळ मोठी सोसायटी, आयटीतलं जोडपं, पुण्याचं, शंतनु आणि श्वेता. श्वेताच्या सासूबाईंना पॅरालिसिस, मराठी बाई हवी होती. पगार आजोबांकडे होता त्यापेक्षा जास्त. मी स्वतः सोडायला गेले. सासूबाई फार गोड आहेत, त्यांनी अक्कांना विचारलं, तुमचं माहेर कुठलं? मला वाटलं झालं, जमलं.

मग श्वेताचा फोन आला. ती चांगली मुलगी आहे, तिची काही चूक नाही. म्हणाली, गंगव्वा स्वच्छ आहेत, प्रेमळ आहेत, पण आईंना स्वतःच्या हाताने जेवू देत नाहीत. आईंचा हात बरा होत आलाय, फिजिओने सांगितलंय की चमचा त्यांना धरू द्या. पण आईंनी हात उचलला की गंगव्वा तो धरतात आणि खाली ठेवतात. आईंनी परत उचलला, परत ठेवतात. सांगितलं तर हो म्हणतात, पुढच्या घासाला तेच. एकदा आई रडल्या, तेव्हा गंगव्वाही रडल्या, पण हात सोडला नाही. श्वेता म्हणाली, आईंच्या मनगटावर वळ उठलाय, मला भीती वाटते. मी दुसरी बाई बघते, सॉरी.

मी अक्कांना आणायला गेले. बसमध्ये त्या खिडकीकडे बसल्या होत्या. मी म्हटलं, अक्का, दुसरं घर बघू, लहान बाळाचं बघू, नाहीतर पेशंट अगदी अंथरुणाला खिळलेला असेल असं बघू. त्या म्हणाल्या, तसा बघशील आनि तो बरा झाला तर?

मी तिकिटाची घडी घालत बसले. मी ट्रेनिंग देते, आत्या, मला नेहमी उत्तर येतं.

परवा त्यांनी पेन्शन परत सुरू करायचं ठरवलं. मी दाखल्यासाठी सोबत कचेरीत गेले. रांगेत बऱ्याच बायका होत्या, त्यातल्या दोघी आमच्याच जुन्या बॅचमधल्या. त्यांनी अक्कांना विचारलं, काय ओ, मोठ्या घरी लागलाय म्हनं? अक्का म्हणाल्या, लागले होते. खिडकीतली मुलगी माझ्याच वयाची, शांतपणे बोलणारी. तिने अर्ज बघितला, आणि मला वाटतं चांगल्या मनानेच, कन्नडमध्ये म्हणाली, अम्मा, तुम्ही अजून धट्ट्याकट्ट्या आहात, इथे ट्रेनिंगच्या योजना असतात, मी नाव सुचवू शकते. तुम्हाला काही काम येतं का? पेशंट सांभाळायचं वगैरे?

अक्का माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवून म्हणाल्या, इल्ला. मला काही येत नाही.

मुलीने तसं लिहून घेतलं.

विद्याधरकाकांना नमस्कार. तू येशील तेव्हा आपण दोघी अक्कांकडे जाऊ, फोन न करता. फोन केला तर त्या घरी नाही म्हणतील. तोवर मला पत्र लिहीत जा, उत्तर यायला उशीर झाला तरी चालेल.

तुझीच,
स्वानंदी